मरण बाबांकडचं, रिपोर्ट आईकडचा

फाल्गुनातली संध्याकाळ. गोव्यातल्या म्हापशाची शिगम्याची मिरवणूक. पेडण्याकडच्या एका रोमटात, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या मेळात, ढोल गळ्यात अडकवलेला ३९ वर्षांचा माणूस. दोन तास उन्हात ताटकळलेला, पोटात पाणी नाही, हुर्राक, म्हणजे काजूची ताजी दारू, मात्र दोन ग्लास. ‘ओस्सय’चा गजर टिपेला गेला आणि तो ढोलासकट पुढे कोसळला. मिनिटभरात डोळे उघडले. छातीत दाबल्यासारखं वाटतंय म्हणाला, तेव्हा गर्दीतल्या कुणा जाणकाराने खिशातली नायट्रेटची गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली. पाच मिनिटांत तो पुन्हा बेशुद्ध.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यासमोर बसला होता. (कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. वयं आणि काही तपशील बदलले आहेत.)

नाडी चांगली भरलेली. स्टेथोस्कोप लावला तर उरोस्थीच्या डाव्या बाजूला खरखरीत मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज. त्याला उकिडवं बसवलं तर मर्मर मंदावली, झटकन उभं केलं तर वाढली. इतकं ऐकल्यावर निदान जवळपास झालेलंच असतं, इको फक्त आकडे देतो. दोन जवनिकांमधला, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला, पडदा २४ मिलिमीटर जाड, जो १२ च्या आत असायला हवा. महाधमनीकडे रक्त जाण्याच्या वाटेत अडथळा, त्यामुळे पडणारा दाबाचा फरक: शांत पडलेला असताना पाऱ्याचे ४८ मिलिमीटर, श्वास कोंडून जोर लावला की ९६. पंपिंग ७५ टक्के.

सोबत आलेला धाकटा भाऊ त्या शेवटच्या आकड्यावर खूश झाला. “डॉक्टरबाई, आमच्या शेजाऱ्यांचं पंपिंग तीस आहे. पंचाहत्तर म्हणजे दादाचं हार्ट एकदम फर्स्ट क्लास ना?”

हा गैरसमज मी महिन्यातून दोनदा तरी ऐकते, आणि त्यात माणसांची चूक नाही. हृदय दुबळं झालं की त्रास होतो हे सगळ्यांना पटतं. ते गरजेपेक्षा जोरात आवळलं जातं, नीट सैल होत नाही आणि म्हणून त्रास होतो, हे पटवणं कठीण. ढोलवाल्याचं हृदय दुसऱ्या जातीचं होतं. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा, बहुधा घराण्यातून येणारा, दर ५०० माणसांमागे साधारण एकात सापडणारा आजार. जाड पडद्यामुळे वाट आधीच अरुंद. उन्हाने अंगातलं पाणी गेलं, हुर्राकने रक्तवाहिन्या सैल पडल्या, हृदयात परत येणारं रक्त कमी झालं. पोकळी लहान झाली की मायट्रल झडपेचं पान ओढलं जाऊन पडद्याला चिकटतं आणि वाट बंद होते. नायट्रेटने रक्तवाहिन्या आणखी सैल केल्या. ज्याने गोळी दिली त्याचा हेतू चांगलाच होता. ब्लॉकेजच्या माणसाला ती कदाचित उपयोगी पडली असती.

वडिलांची चौकशी केली. ४४ व्या वर्षी वायंगणाच्या शेतात नांगर धरलेला असताना पडले आणि संपले. त्या कोपऱ्यात देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदाराची, जागा आहे, म्हणून घरात त्याची वेगळी कथा होती. आत्याला ‘दम’ होता आणि ती पन्नाशी गाठण्याआधीच गेली.

आईला काहीच नाही. ६६ वर्षांची बाई, अजून कुळागरात उतरून पोफळींना पाणी लावते.

हे सगळं मी माझ्या हातानेच कागदावर लिहिलं होतं. तरीही पुढचा दीड महिना मला त्याचा अर्थ लागला नाही.

उलटा लागलेला रिपोर्ट

बीटा-ब्लॉकर सुरू केलं. होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावून ठेवायच्या दिवसभराच्या ईसीजीत, जवनिकेतून उठलेल्या जलद ठोक्यांची सात-सातची माळ दोनदा दिसली. शुद्ध हरपणं, वडिलांचा अकाली मृत्यू आणि ही माळ, तिन्ही एकत्र आल्यावर आयसीडी, म्हणजे जीवघेणी लय शॉक देऊन मोडणारं यंत्र, छातीत बसवायचा निर्णय अवघड नव्हता. अडथळा औषधाने पुरेसा उतरला नाही, म्हणून शस्त्रक्रियेसाठी मुंबईचं नाव निघालं.

त्याच सुमारास कुटुंबाने ओळखीतून एका खाजगी प्रयोगशाळेत रक्त दिलं. तपासणी स्वस्त होती, कारण तिथे एकच प्रश्न विचारला जात होता: एमवायबीपीसी३ या जनुकात डीएनएच्या २५ अक्षरांचा तो प्रसिद्ध तुकडा गाळला गेलाय का? ढोलवाला पॉझिटिव्ह. आई पॉझिटिव्ह. धाकटा भाऊ पॉझिटिव्ह. बहीण निगेटिव्ह.

कागदावर जाड अक्षरात छापलेलं ‘पॉझिटिव्ह’ काय करतं ते मी तेव्हा पाहिलं. भाऊ बोटीवर होता, मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये. पुढच्या कराराच्या वैद्यकीय तपासणीत त्याने प्रामाणिकपणे रिपोर्ट दाखवला आणि अनफिट ठरला. घराचा हप्ता त्याच्या पगारावर चालायचा. ३४ वर्षांची बहीण मात्र डिचोलीला सासरी पेढे घेऊन गेली. तिचा इको त्या महिन्यात व्हायचा होता. “निगेटिव्ह आहे ना, मग कशाला?” असं म्हणून तिने तो टाळला. मीही आग्रह धरला नाही. ही चूक माझीच.

शंका आली ती त्यांच्या आईमुळे. फॉलो-अपला मुलासोबत आल्या होत्या. लिफ्ट बंद म्हणून तीन मजले जिने चढल्या आणि मुलाआधी दारात पोचल्या. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, “दोष माझ्यातून गेला म्हणे पोरांत. मग मी कशी उभी?”

त्यांचा इको लगेच केला. पडदा १० मिलिमीटर. ईसीजी स्वच्छ. मग मी वंशवृक्षाचा जुना कागद काढला. मरण बाबांकडचं होतं, आत्याही बाबांकडची, आणि रिपोर्टमधला बदल आलेला आईकडून. दोन रेषा एकमेकींना कुठेच छेदत नव्हत्या.

कडी कुठे बसते

इथे थोडं पेशीच्या आत उतरावं लागेल. त्याशिवाय हा घोळ सुटत नाही, आणि खरं सांगायचं तर या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भागही तोच आहे.

हृदयस्नायूची एक पेशी साधारण १०० मायक्रोमीटर लांब. तिच्यात लांबीला समांतर तंतू, आणि प्रत्येक तंतू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या सुमारे २ मायक्रोमीटरच्या घरांची माळ. घराच्या दोन भिंती म्हणजे झेड-रेषा. तिथे अल्फा-ॲक्टिनिन बारीक तंतूंची मुळं घट्ट बांधून ठेवतं. एका तंतूची झेड-रेषा शेजारच्या तंतूच्या झेड-रेषेशी डेस्मिनने जोडलेली, म्हणून सगळी घरं रांगेत राहतात आणि एकदम आवळतात. घराच्या मधोमध जाड तंतू: १.६ मायक्रोमीटर लांब, त्यात सुमारे ३०० मायोसिन रेणू. मायोसिनची डोकी बाहेर येऊन बारीक तंतूला पकडतात, ओढतात, सोडतात. एवढ्याला आपण ठोका म्हणतो.

या सगळ्याला मोजपट्टी कोण पुरवतं? टायटिन. आपल्या शरीरातलं सर्वांत मोठं प्रथिन. एकच रेणू झेड-रेषेपासून घराच्या मध्यापर्यंत पसरलेला, सुमारे एक मायक्रोमीटर. जाड तंतूला लागून जाणाऱ्या त्याच्या भागात ११ तुकड्यांचा एक ठरलेला क्रम पुन्हा पुन्हा येतो, आणि एका क्रमाची लांबी ४३ नॅनोमीटर भरते. मायोसिनची मांडणीही दर ४३ नॅनोमीटरला पुन्हा तशीच येते. आणि याच अंतरावर तिसरं एक प्रथिन पट्ट्यांसारखं बसलेलं असतं: मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन सी. ते १९७३ मध्ये ‘सी-प्रोटीन’ म्हणून वेगळं ओळखलं गेलं आणि त्याच्या जनुकाचा (तोच तो एमवायबीपीसी३) या आजाराशी संबंध १९९५ मध्ये उघड झाला. जाड तंतूच्या प्रत्येक अर्ध्यावर नऊ पट्ट्या, प्रत्येक पट्टीत तीन रेणू. म्हणजे एका जाड तंतूवर फक्त ५४. पाच-सहा मायोसिनमागे एक.

एवढ्या थोड्या रेणूंनी काय बिघडणार, असं वाटतं. पण हा रेणू दोन टोकांनी दोन वेगळी कामं करतो. तो ११ मण्यांचा आहे, सी-शून्यपासून सी-दहापर्यंत. सी-दहाकडचं टोक मायोसिनच्या शेपटीला आणि टायटिनला धरून बसतं. ते त्याचं मूळ. दुसरं टोक मोकळं बाहेर येतं आणि कधी मायोसिनच्या डोक्यांना आवरून धरतं, कधी बारीक तंतूला स्पर्श करतं. शरीराला जोर हवा असला की ॲड्रेनॅलिनच्या निरोपावरून या मोकळ्या टोकाला फॉस्फेट चिकटतो आणि डोक्यांवरचा आवर सैल होतो. तो एक लगाम आहे. लगाम कमी पडला की जास्त डोकी कामाला लागतात, हृदय जास्त आवळतं, हळू सैल होतं आणि इंधन उधळतं. पंपिंग ७५ टक्के आलं ते यामुळे. २०२३ मध्ये गोठवलेल्या जाड तंतूच्या इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने मिळवलेल्या रचना प्रसिद्ध झाल्या. मायोसिनच्या शेपट्या, टायटिन आणि हे प्रथिन एकमेकांत कसे गुंतलेत ते त्यांत पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं. मी ती चित्रं पाहत रात्री एकपर्यंत बसले होते.

ढोलवाल्याला हे सांगताना मी कागदावर रेघोट्या मारल्या. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “ही आमच्या ढोलाची कडी आहे, डॉक्टरबाई. दोरीवर ती कुठे सरकवली त्याच्यावर सगळा आवाज. कडी खिशात असून काय उपयोग?” उपमा अर्धीच बरोबर आहे, कारण ढोलाची कडी ताण वाढवते आणि हे प्रथिन आवरतं. पण ‘खिशात असून काय उपयोग’ हे मात्र कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकं होतं. हे प्रथिन तयार होणं पुरेसं नाही, ते त्या नऊ पट्ट्यांत बसायला हवं, आणि बसण्यासाठी सी-दहाचं मूळ शाबूत हवं.

पंचवीस अक्षरं

आता तो प्रसिद्ध तुकडा. भारतीय कुटुंबांत त्याची नोंद २००३ मध्ये झाली. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत तो आहे आणि हृदयस्नायूच्या आजाराच्या रुग्णांत त्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. गाळलेली अक्षरं जनुकाच्या ३२ व्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात आहेत. पण त्यामुळे पुढचा ३३ वा एक्झॉन, म्हणजे मजकुराचा तुकडा, जोडणीत गळू शकतो, आणि तो गळला की बिघडतं ते नेमकं सी-दहाचं टोक. कागदावर हा तर्क अगदी चोख आहे: मूळ बिघडलं, कडी बसली नाही, आजार झाला. स्वस्त तपासण्या निघाल्या त्या याच जोरावर.

पण साधा हिशेब करून बघा. लग्नाच्या मांडवात ५०० माणसं जमली आहेत. ४ टक्क्यांच्या हिशेबाने २० जणांत हा तुकडा गाळलेला असेल. आजार मात्र एकाला. उरलेले १९ जण जेवून, पान खाऊन घरी जातात. म्हणजे हा बदल एकटा आजार घडवत नसणार, किंवा क्वचितच घडवत असणार. २०१८ आणि २०२० मधल्या अभ्यासांनी याच शंकेला बळ दिलं. काही जणांत त्याच गुणसूत्रावर, त्याच्याच सोबतीने, आणखी एक बदल प्रवास करत असतो. २०२० मध्ये सापडलेला असा एक सोबती दुसऱ्या एका इंट्रॉनमध्ये खोलवर दडलेला आहे, आणि जोखमीचा मोठा वाटा त्याचा. नेहमीच्या पॅनेल तपासण्या, म्हणजे अनेक जनुकं एकदम वाचणाऱ्या, एक्झॉनच्या कडेची थोडीच अक्षरं वाचतात, त्यामुळे तो निसटू शकतो.

म्हणून मी ढोलवाल्याचं पूर्ण पॅनेल पाठवलं आणि त्या खोल जागेचं वाचन मुद्दाम मागितलं. अहवालात तो सोबती नव्हता. पण जनुकाच्या दुसऱ्या प्रतीवर, म्हणजे वडिलांकडून आलेल्या प्रतीवर, मजकूर मध्येच तोडणारा बदल सापडला. तिथून पुढचं सगळं निरर्थक, सी-दहापर्यंत मजकूर पोचतच नाही.

मग बाकीच्यांचं रक्त पुन्हा घेतलं. आईत फक्त २५ अक्षरांचा बदल. भावातही तेवढाच. बहिणीत तो नाही, पण वडिलांचा तोडणारा बदल आहे. तिचा इको त्याच दुपारी केला: पडदा १६ मिलिमीटर. पेढे वाटून तेव्हा पाच महिने झाले होते.

पडद्याचा तुकडा

दरम्यान मुंबईत शस्त्रक्रिया झाली. पडद्याचा सहा-सात ग्रॅमचा तुकडा काढला, वाट मोकळी झाली. त्यातला थोडा भाग, रुग्णाच्या संमतीने, एका संशोधन प्रयोगशाळेत गेला. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं ते ओळखीचं होतं: पेशी रांगेत नसून एकमेकींना आडव्या-तिडव्या, मध्ये तंतुमय डागडुजी. पण मला बघायचं होतं ते पेशीच्या आतलं.

स्लाइड स्क्रीनवर आली. हिरव्या रंगात अल्फा-ॲक्टिनिन, म्हणजे झेड-रेषा. त्या व्यवस्थित, समान अंतरावर. प्रत्येक दोन हिरव्या रेघांच्या मधोमध लाल रंगाची जोडरेघ, मध्ये बारीकशी काळी फट. ते मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन सी, घराच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना. मला वाटलं होतं लाल रंग विस्कटलेला, पेशीभर सांडलेला दिसेल. तसं काही नव्हतं. जोडरेघ अगदी जागच्या जागी होती, फक्त फिकट. शेजारी निरोगी हृदयाची स्लाइड लावल्यावर फरक कळला.

प्रथिनाचं मोजमापही तेच बोललं. निरोगी नमुन्याच्या सुमारे ६० टक्के. तुटक्या, अर्ध्या लांबीच्या प्रथिनाची पट्टी कुठेच नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा नमुन्यांवरच्या प्रसिद्ध अभ्यासांतही हेच दिसलं आहे: पूर्ण प्रथिन पाव हिश्श्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंत कमी, आणि तुटकं प्रथिन सापडतच नाही. ज्याला मूळ नाही ते टायटिनच्या मोजपट्टीवर टिकत नाही, पेशी ते मोडून टाकते. जे बसलंय ते बरोबर जागीच बसलंय. बिघाड जागा चुकण्याचा नव्हता, जागा रिकाम्या राहिल्याचा होता.

आणि इथे आईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. वडिलांची प्रत जवळपास काहीच टिकाऊ प्रथिन देत नाही. मग ते ६० टक्के आले कुठून? आईच्या प्रतीतून. त्याच प्रतीवर २५ अक्षरं गाळलेली होती. दोन्ही प्रतींवर मजकूर तोडणारे बदल घेऊन जन्मलेली बाळं वैद्यकाला माहीत आहेत. अमेरिकेतल्या आमिश समाजात अशी कुटुंबं आहेत, आणि त्या बाळांची हृदयं बहुधा पहिल्या वर्षाच्या आतच हार मानतात. आईची प्रत खरोखर निकामी असती तर हा माणूस ३९ व्या वर्षापर्यंत ढोल वाजवत आलाच नसता. ज्या प्रतीला आम्ही सगळे दोष देत होतो, तिनेच त्याला जगवलं होतं. हा एका माणसाचा एक नमुना आहे, त्यावरून सगळ्या ४ टक्के लोकांबद्दल बोलता येत नाही. पण त्या घरात ते वाक्य बोलणं गरजेचं होतं, आणि मी आईंना ते दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा मुलाकडे बघत एवढंच म्हणाल्या, “ऐकलंस?”

पुढे

भावासाठी चार पानी पत्र लिहिलं: इको, ईसीजी, ट्रेडमिल, एमआरआय सगळं स्वाभाविक, घरातला आजार घडवणारा बदल त्याच्यात नाही. पहिल्या तपासनीसाने ते वाचलंच नाही, दुसऱ्याने वाचलं. सात महिन्यांनी तो बोटीवर परत गेला. सात महिन्यांच्या हप्त्यांचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

बहिणीला अजून लक्षणं नाहीत. वर्षाला इको आणि होल्टर, पाणी भरपूर, गरज पडली तर औषध. पेढ्यांचा विषय ती स्वतःच काढून हसते. मला अजून हसता येत नाही.

ढोलवाल्याच्या दोन मुलांचा प्रश्न गमतीशीर गणिताचा आहे. त्याच्या दोन्ही प्रतींवर एकेक बदल आहे, त्यामुळे प्रत्येक मुलाला त्याच्याकडून दोनांपैकी एक मिळणारच. दोन्ही नाहीत, आणि एकही नाही असंही नाही. मोठ्या मुलाला, १४ वर्षांच्याला, आजीचा बदल आला आहे. तो फुटबॉल खेळतो, खेळू दे. नऊ वर्षांच्या मुलीला आजोबांचा. तिचा इको आज स्वच्छ आहे. आता तो पुढे वेळोवेळी करायचा, आणि वयात येण्याच्या काळात जास्त डोळ्यात तेल घालून. अमेरिकेत २०२२ मध्ये मायोसिनची डोकी आवरून धरणारं मॅव्हाकॅम्टेन हे औषध प्रौढ रुग्णांसाठी मंजूर झालं. ती मोठी होईपर्यंत तिच्यासाठी काय उपलब्ध असेल, हा विचार माझ्या मनात येतो, पण तिच्यासमोर मी तो बोलत नाही.

यंदाच्या शिगम्यात तो रोमटात होता. आयसीडीच्या बाजूला ढोलाचा पट्टा नको, म्हणून हातात कासाळं, म्हणजे मोठ्या झांजा. हुर्राक बंद, कमरेला पाण्याची बाटली. मुलगी त्याच्यापुढे नाचत होती, तो व्हिडिओ त्याने मला पाठवला. तिला पुढची तारीख गणेश चवथीनंतरची दिली आहे.